डावाचा साक्षीदार

३० ऑगस्ट २०२०, रविवार. त्या वर्षी मॉस्कोत भरायचे बुद्धिबळ ऑलिम्पियाड कोरोनामुळे भरू शकले नव्हते. त्याऐवजी ‘फिडे’ या जागतिक संघटनेने पहिलेच ऑनलाइन ऑलिम्पियाड घेतले आणि त्याच्या अंतिम सामन्यात भारत व रशिया समोरासमोर आले. ‘समोरासमोर’ हा शब्द इथे केवळ सवयीने आला. खेळाडू आपापल्या ठिकाणी संगणकापुढे बसले होते आणि पंच त्यांच्यावर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवून होते. प्रत्येक संघाचे सहा पट होते : दोन पुरुष, दोन महिला, वीस वर्षांखालील एक मुलगा आणि एक मुलगी. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. पहिल्या फेरीतले सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत डाव रंगात आले असताना भारताच्या दोन छोट्या खेळाडूंची, केरळच्या निहाल सरीनची आणि नागपूरच्या चौदा वर्षांच्या दिव्या देशमुखची, इंटरनेट जोडणी तुटली. त्यांचे पट गोठले, घड्याळे मात्र चालत राहिली. वेळ संपली आणि दोघेही हरले.

नियमाप्रमाणे जोडणी टिकवण्याची जबाबदारी ज्याची त्याची होती. भारताने दाद मागितली. त्या वेळी जगात अनेक ठिकाणी इंटरनेटमध्ये मोठा बिघाड झाला होता, हे स्पष्ट झाले. अखेर फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केले.

निर्णय उदार होता, यात वाद नाही. तरी त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. हेच एखाद्या सभागृहात झाले असते, म्हणजे मध्येच घड्याळ बिघडले असते, तर? पंचांनी दोन्ही घड्याळे थांबवली असती, दुसरे घड्याळ आणून ठेवले असते, अंदाजाने वेळ लावून दिली असती आणि डाव पुढे चालू झाला असता. कारण घड्याळ बिघडल्याचे तिघांनाही एकदमच दिसले असते : खेळणाऱ्याला, समोरच्याला आणि पंचाला. ऑनलाइन डावात दिव्याच्या प्रतिस्पर्ध्याला काय दिसत होते? फक्त उलटे मोजत जाणारे आकडे. पलीकडची मुलगी विचार करते आहे की हतबल होऊन पडद्याकडे पाहते आहे, हे कळायला तिला काहीच मार्ग नव्हता.

पटावरचे आणि पडद्यावरचे बुद्धिबळ यांत फरक काय, असे विचारले की बहुतेक जण अंतराचे नाव घेतात. कुणी लाकडी मोहऱ्यांच्या स्पर्शाविषयी बोलतात, कुणी वेगाविषयी. या उत्तरांत तथ्य किती, ते एकेक करून तपासायचे आहे. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : खरा फरक समोर बसलेल्या माणसाचा आहे. तो माणूस आपल्यावर दाब टाकतो आणि तोच आपल्या डावाचा साक्षीदारही असतो. पडद्यावर या दोन्ही गोष्टी एकदमच जातात.

अंतर जुनेच आहे

दूर बसून बुद्धिबळ खेळणे इंटरनेटने आणलेले नाही. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो या शहरांतील मंडळांत टपालाने सामना झाला. एडिंबरोने तो जिंकला आणि त्यातून प्रसिद्ध झालेल्या सुरुवातीला ‘स्कॉच’ हे नाव चिकटले, ते आजही आहे. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यात नव्याने पडलेल्या तारेवरून डाव झाले. सप्टेंबर १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा पटांवर रेडिओ सामना झाला. तो सोव्हिएत संघाने साडेपंधरा विरुद्ध साडेचार अशा गुणांनी जिंकला आणि बुद्धिबळाचे केंद्र कुठे सरकले आहे, हे जगाला कळले.

सर्वांत बोलका प्रसंग १९६५ सालचा. हवानातील कॅपाब्लांका स्मृती स्पर्धेला जाण्याची परवानगी अमेरिकी सरकारने बॉबी फिशरला दिली नाही. तो न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून खेळला. इतरांचे चार-पाच तासांत संपणारे डाव त्याला आठ-आठ तास पुरत. तरीही तो विजेत्या स्मिस्लोव्हपेक्षा केवळ अर्ध्या गुणाने मागे राहिला. फिशर एकटा होता, पण एकांतात नव्हता. तो क्लबात बसला होता, चाल घेऊन जाणारा आणि आणणारा माणूस होता, आणि हवानालाही पटापाशी माणसे होती.

पोस्टकार्डावरच्या बुद्धिबळाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. १९८६ साली मी आणि माझा मामेभाऊ पंधरा पैशांच्या कार्डावर डाव खेळत असू. एक डाव सात महिने चालला. एकदा कार्ड पेटीत टाकून मी वळलो आणि चौथ्या-पाचव्या पावलावर ध्यानात आले, की या चालीने माझा वजीर जातो. पेटीच्या फटीतून हात आत जाईना. मग सहा दिवस मी त्याच्या उत्तराची वाट पाहत होतो, तो चूक पाहील की नाही या धास्तीत. त्याने पाहिली. अंतर होतेच, पण चाल एकदा हातातून सुटली की सुटली, हे अंतराने बदलले नव्हते. आणि वजीर मारल्याच्या चालीखाली त्याने लिहिले होते, ‘आत्याला सांगू नकोस, ती मला रागवेल.’

थोडक्यात, अंतर हा नवा मुद्दा नाही.

डोळे, हात आणि पट

मग पडदा? लाकडी पट उंचावरून आणि तिरपा दिसतो. पडद्यावर तोच सपाट, नकाशासारखा. केवळ पडद्यावर शिकलेली मुले प्रथम स्पर्धेला येतात, तेव्हा कोपऱ्यातला उंट त्यांच्या नजरेतून सुटतो, असे प्रशिक्षक सांगतात. पण हा सवयीचा भाग झाला. विचार करण्यासाठी पट डोळ्यांना दिसणे किती गरजेचे आहे, याचे उत्तर एका अभ्यासात मिळते.

क्रिस्टोफर चॅब्रिस आणि एलियट हर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. मोनॅकोला दरवर्षी एक स्पर्धा होत असे. तिच्यात तेच दोन ग्रँडमास्टर एक डाव जलद प्रकारात खेळत आणि एक डाव मोहरे न पाहता, पडद्यावरच्या रिकाम्या पटाकडे बघत. संशोधकांनी संगणकाकडून चुका मोजल्या. जलद डावात चुका नेहमीच्या संथ डावापेक्षा जास्त आणि मोठ्या होत्या. पण मोहरे दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या डावांतील चुकांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ग्रँडमास्टरचे नुकसान होते ते वेळ कमी पडल्याने. मोहरे दिसले नाहीत म्हणून नव्हे.

अंध खेळाडूंचे बुद्धिबळ यापुढचे काही शिकवते. त्यांच्या पटावर काळी घरे किंचित उचललेली असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि मोहरा त्यात खोचून बसवलेला असतो. खेळाडू आपला पट बोटांनी वाचतो आणि चाल तोंडाने जाहीर करतो. डोळस माणसांच्या नियमात, चाल करण्याच्या उद्देशाने मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो. आपले खेळाडू याला ‘टच-मूव्ह’ म्हणतात. अंधांना हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण त्यांच्यासाठी हात लावणे म्हणजे पाहणे. म्हणून फिडेच्या नियमांत त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे : मोहरा भोकातून बाहेर काढला, की ‘हात लावला’ असे धरायचे. पाहणे कुठे संपते आणि शब्द देणे कुठे सुरू होते, याची रेघ इतक्या नेमकेपणाने आखलेली मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

हात लावला की

ही रेघ ऑनलाइन बुद्धिबळात पुसली जाते. तिथे मोहरा उचला, फिरवा, परत ठेवा. जोवर दुसऱ्या घरात सोडला नाही, तोवर काही बिघडत नाही. उलट माऊस घसरला किंवा बोट चुकून शेजारच्या घरावर पडले, तर मनात नसलेली चालही खरी ठरते. पटावर उद्देशाला महत्त्व आहे. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर ‘अ‍ॅडजस्ट’ असे आधी म्हणण्याची सोय त्याचसाठी आहे. यंत्राला उद्देश कळत नाही, फक्त कृती कळते.

आणखी फरक पाहू. सभागृहातील संथ डावात नियमबाह्य चाल केली तर पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि दुसऱ्यांदा डाव जातो. पडद्यावर नियमबाह्य चाल करताच येत नाही. मोहरा आपोआप मूळ घरी परततो. सभागृहात प्रत्येक चाल स्वतःच्या हाताने स्कोअरशीटवर लिहावी लागते. पडद्यावर ती आपोआप नोंदली जाते. सभागृहात वेळ संपली तर ती पंचाने पाहावी लागते किंवा खेळाडूने तसा दावा करावा लागतो. पडद्यावर निकाल त्याच क्षणी लागतो. आणि पडद्यावर एक अशी सोय आहे जी पटावर अशक्य आहे : ‘प्री-मूव्ह’. प्रतिस्पर्ध्याने चाल करण्याआधीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवायची. त्याने काहीही खेळले तरी, नियमात बसत असेल तर, ती तत्काळ होते. एका मिनिटाच्या डावात ही सोय जीवनदायी आहे. पण तिचा अर्थ पाहा : तुम्ही काय कराल हे न पाहताच मी उत्तर देऊन मोकळा झालो.

चांगल्या खेळाडूंच्या खेळावर याचा एकूण परिणाम काय होतो? स्टेफेन क्यून, क्रिस्टियन सील आणि डायनिस झेगनर्स या अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न घेतला. टाळेबंदीत अग्रगण्य खेळाडू ऑनलाइन जलद स्पर्धा खेळत होते आणि त्याच खेळाडूंचे आधीच्या वर्षांतील जागतिक जलद स्पर्धांतले, सभागृहातले डाव उपलब्ध होते. दोन्हींतील चालींची गुणवत्ता त्यांनी बुद्धिबळाच्या इंजिनकडून तपासून घेतली. माणूस तोच, खेळ तोच, तरी घरून खेळताना चुका वाढल्या होत्या. जसजसे दिवस गेले तसतसा हा परिणाम कमी होत गेला, माणूस सरावला. २०२२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास खरे तर घरून काम करण्याविषयी होता. बुद्धिबळ त्यांनी निवडले, कारण इथे बुद्धीच्या कामातली चूक मोजता येते.

याचे कारण मी माझ्या परीने असे लावतो. समोर माणूस बसला की आपण आपोआप ताठ बसतो. त्याचे असणे आपल्याला जागे ठेवते. हा दाब उपकारक आहे. पण तो नेहमीच तसा नसतो.

समोरच्याचा दाब

१९७२ मध्ये रेक्याविकला फिशरने कॅमेऱ्यांच्या आवाजाविषयी इतक्या तक्रारी केल्या, की स्पास्कीविरुद्धचा तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळावा लागला. फिशरने तो जिंकला आणि सामन्याचा रंग पालटला. १९७८ मध्ये फिलिपिन्सच्या बागियो शहरात कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्या सामन्यात प्रेक्षकांत बसलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या नजरेवरून, आरशासारख्या चष्म्यावरून आणि कार्पोव्हला पाठवलेल्या दह्यावरूनसुद्धा वाद झाले. वाचताना हसू येते, पण समोरच्याच्या शरीराचा दाब किती खरा असतो, हे त्यातून कळते.

हा दाब सगळ्यांवर सारखा पडत नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. तसे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या खेळण्यावरून गदारोळ उठला. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. इथे वाद चालींवर नव्हताच. पटासमोरच्या खुर्चीत कोण बसले आहे, यावर होता.

२००८ साली आन मास आणि तिच्या सहकाऱ्यांनी इटलीत केलेला प्रयोग या संदर्भात फार महत्त्वाचा आहे. सारख्या ताकदीच्या ४२ स्त्री-पुरुष जोड्या इंटरनेटवरून एकमेकांशी खेळल्या. प्रतिस्पर्धी पुरुष आहे हे माहीत असताना स्त्रियांचा खेळ स्पष्टपणे खालावला. त्या बचावात्मक खेळू लागल्या. त्याच स्त्रियांना समोर स्त्री आहे असे (खोटेच) सांगितले, तेव्हा त्या पुरुषांच्या बरोबरीने खेळल्या. प्रतिस्पर्धी दोन्ही वेळा पुरुषच होता. बदलली होती ती फक्त माहिती.

म्हणून ऑनलाइन बुद्धिबळाला नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. १९९२ साली पहिला इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला तेव्हा पट अक्षरे आणि रेघा जुळवून काढलेला असे. आज तालुक्याच्या गावातली मुलगी साध्या मोबाइलवर रात्री अभ्यास झाल्यावर जगातल्या कुणाशीही खेळू शकते. लीचेस तर पूर्णपणे मोफत आहे, आणि पडदा न दिसणाऱ्या खेळाडूंसाठीही त्यावर सोय आहे. प्रवासखर्च नाही, मुक्कामाची अडचण नाही, ‘मुलीला एकटीला कशी पाठवायची’ हा प्रश्न नाही. आपले नाव, जात, गाव, वय, लिंग काहीही समोरच्याला कळत नाही. समोरच्याचा दाब गेल्यामुळे ज्यांना श्वास घेता आला, त्यांची संख्या लहान नाही.

साक्ष आणि शक्यता

पण त्याच दारातून साक्षीदारही बाहेर गेला. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवले, तेव्हा त्यासाठी खास बांधलेला महासंगणक लागला होता. आज खिशातला फोन जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. पलीकडे माणूस खेळतो आहे की त्याच्या शेजारचा फोन, हे पडद्यावरून दिसत नाही. जून २०२१ मध्ये कोरोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळला. त्यात एका तरुण उद्योजकाने त्याला हरवले आणि दुसऱ्याच दिवशी, आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती, अशी कबुली दिली. पैज नव्हती, बक्षीस नव्हते, सत्कार्य होते. तरी मोह झाला. बघणारे कुणी नव्हते.

टपाली बुद्धिबळाने या अडचणीवर एक सरळ उपाय काढला : बंदीच उठवली. आज त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बहुतेक स्पर्धांत इंजिन वापरायला परवानगी आहे. परिणामी वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. ऑनलाइन संस्थळांनी दुसरा मार्ग धरला, तो पहाऱ्याचा. पण हा पहारेकरी माणूस नाही, गणित आहे.

ते गणित साधारण असे चालते. खेळाडूची प्रत्येक चाल इंजिनच्या पसंतीशी ताडून पाहायची. त्या ताकदीच्या माणसाच्या चाली इंजिनशी सर्वसाधारणपणे किती जुळतात, हे हजारो डावांवरून माहीत असते. त्यापेक्षा हा किती वर गेला, ते मोजायचे. शिवाय वेळ बघायची. माणूस उघड दिसणारी चाल चटकन करतो आणि अवघड जागी अडतो. सोप्या आणि अवघड, दोन्ही चालींना सारखाच वेळ घेणारा खेळाडू संशयास्पद ठरतो. बफेलो विद्यापीठातील प्राध्यापक केनेथ रीगन यांनी या पद्धतीवर अनेक वर्षे काम केले आहे आणि फिडेही त्यांची मदत घेते. पद्धत उत्तम आहे. मात्र तिचे उत्तर शक्यतेच्या भाषेत येते : ‘असा खेळ मदतीशिवाय होणे अत्यंत दुर्मीळ आहे.’ ‘मी त्याला पाहिले’ असे गणित कधीच म्हणत नाही. लाखो लोक रोज खेळत असतील, तर दुर्मीळ गोष्टही कधीतरी खरोखर घडते. एखादा मुलगा आयुष्यातला सर्वांत चांगला डाव खेळतो आणि तोच त्याच्यावर उलटू शकतो.

पटावर लबाडी होत नाही, असे कुणी समजू नये. जुलै २०१९ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एक ग्रँडमास्टर स्वच्छतागृहात फोनवर डाव पाहताना सापडला आणि त्याचा किताब गेला. साक्षीदारालाही मर्यादा असतात. १९९४ च्या लिनारेस स्पर्धेत सतरा वर्षांच्या युडिट पोल्गारविरुद्ध कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवला, बोटे क्षणभर सोडली आणि मग तो दुसऱ्या घरात नेला. चित्रफितीत बोटे सुटल्याचे दिसते, सुमारे पाव सेकंद. समोर बसलेल्या पोल्गारने त्या वेळी पंचाकडे तक्रार केली नाही आणि डाव ती हरली. समोर जगज्जेता होता. या एका प्रसंगात दाब आणि साक्ष दोन्ही एकत्र दिसतात : तिने पाहिले, पण ती बोलली नाही. तरीही एक गोष्ट उरते. पाहणारे होते, म्हणूनच तीस वर्षांनंतरही तो डाव कसा झाला, हे आपण सांगू शकतो.

जास्त काळजीची बाब ही, की पडद्यावरचा संशय आता पटावर येऊन बसला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे मॅग्नस कार्लसन हा जगज्जेता हान्स नीमनकडून हरला आणि स्पर्धाच सोडून गेला. नीमनने आधी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे कबूल केले. पटावरच्या त्या डावात लबाडी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही आयोजकांनी डावांचे थेट प्रक्षेपण पंधरा मिनिटे उशिराने दाखवायला सुरुवात केली आणि खेळाडूंची तपासणी कडक केली. दोन माणसे चार फुटांवर बसली होती, पंच होते, कॅमेरे होते, आणि तरी विश्वास नव्हता. ज्याला पाहिले नाही त्याच्याविषयी संशय घेण्याची सवय लागली, की समोर दिसणाऱ्याविषयीही ती सुटत नाही.

डाव संपल्यावर

एक फरक उरतो आणि तो नियमपुस्तकात सापडत नाही. सभागृहात डाव संपला की हात मिळवले जातात, स्कोअरशीटवर दोघे सह्या करतात आणि बहुतेक वेळा बाजूच्या खोलीत जाऊन तोच डाव पुन्हा मांडतात. ‘इथे तू हत्ती का नाही आणलास?’ ‘मला उंटाची भीती वाटली.’ ‘अरे, तो तर बांधलेला होता!’ जिंकलेला सांगतो की मला इथे घाम फुटला होता. हरलेल्याला कळते की आपण जिंकू शकलो असतो. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी वर्षानुवर्षे भरवलेल्या स्पर्धांविषयी जुन्या खेळाडूंना बोलते केले, तर ते निकाल विसरलेले असतात. मांडून पाहिलेले डाव आणि ते कुणाबरोबर मांडले, हे मात्र त्यांना आठवते.

पडद्यावर डाव संपताच एक आलेख येतो. कुठल्या चालीला चूक झाली, कुठे घोडचूक झाली, ते लाल-पिवळ्या खुणांनी दिसते. माहिती अचूक असते, कुठल्याही माणसापेक्षा अचूक. पण ती चूक आपण का केली, हे आलेखाला माहीत नसते. ते फक्त समोरच्याला थोडेफार माहीत असते, कारण त्याने आपल्याला ती करताना पाहिलेले असते. मुलाला हरायला शिकवायचे तर तो समोरचा लागतो. पडद्यावर हरलेले मूल ‘नवा डाव’ या बटणावर बोट ठेवते आणि हार तिथेच टाकून पुढे जाते. एका संध्याकाळी वीस वेळा हरूनही त्याने एकदाही कुणाला ‘तू चांगला खेळलास’ असे म्हटलेले नसते.

माझ्या ओळखीतल्या पालकांना मी एवढेच सांगतो : पडदा काढून घेऊ नका. ताकद तिथेच वाढते आणि जगही तिथेच भेटते. पण महिन्यातून एक-दोन रविवार मुलाला कुठल्या तरी सभागृहात नेऊन बसवा, आणि डाव संपल्यावर त्याला लगेच उठवू नका.

ज्या मुलीपासून सुरुवात केली तिच्याकडे परत येतो. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूला कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैच्या जलद डावांत पहिला पुन्हा बरोबरीत, आणि दुसऱ्यात वेळेच्या ताणाखाली दोघींच्या चुका झाल्या. शेवटची हंपीची होती. हंपीने हार मानली, हात पुढे केला. दिव्या विश्वचषकविजेती झाली आणि त्याच क्षणी भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. थोड्या वेळाने आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते सगळ्यांनी पाहिले.

पाच वर्षांपूर्वीचे सुवर्णपदकही तिचेच होते आणि ते योग्यच मिळाले होते. पण ते एका पत्रकाने जाहीर करावे लागले, कारण त्या रविवारी तिच्या पटावर काय झाले हे कुणी पाहिलेच नव्हते. बाटुमीत कुणाला काही ठरवावे लागले नाही. समोर हंपी बसलेली होती.